झहीरमिस्त्रींचं वांड लाकूड

कर्जतच्या कचेरीत मी १९२२ साली कारकून म्हणून रुजू झालो आणि दुसऱ्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागलो. मी मूळचा अलिबागचा. समुद्राची सवय असलेल्या माणसाला चहूबाजूंनी डोंगर उभे असलेलं गाव म्हणजे कोंडवाडा वाटतो. त्यात साहेबांनी बंदुकांचं दप्तर माझ्या गळ्यात मारलं. ज्यानं जन्मात ढेकूण सोडून कशाची शिकार केली नाही, त्यानं तालुक्यातल्या बंदुकांचे परवाने सांभाळायचे! पहिलं वर्ष माझं कपाळावरच्या आठीतच गेलं.

दर जानेवारीत एक दिवस बंदुकांच्या तपासणीचा असे. कर्जत-खालापूरकडचे सगळे परवानेदार आपापली बंदूक घेऊन कचेरीच्या आवारात जमायचे. मी नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघायचा आणि साहेबांनी सही करायची. बहुतेक बंदुका भातशेतीतली डुकरं हाकण्यासाठी दिलेल्या, ठासणीच्या, जुनाट. मधूनच एखादी दुनळी, एखादी विलायती रायफल. पहिल्याच तपासणीला मला रांगेबाहेर एक माणूस दिसला. पन्नाशी उलटलेली, नीट कातरलेली दाढी, चौकड्यांची लुंगी, अंगात जाकीट, एका हातात अळशीच्या तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात फडकं. तो एकेकाच्या हातातून बंदूक मागून घेई, तिचा लाकडी दस्ता तेलानं पुसे, उन्हात तिरका धरून बघे आणि एकटाच हसे. मी जरा दरडावूनच विचारलं, तुझी बंदूक कुठाय?

"मला बंदूक नाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "लेकी माहेरी आल्यात, त्यांना भेटाया आलोय."

हे झहीरमिस्त्री. बाजाराच्या मागं त्यांचं सुतारकामाचं दुकान. बैलगाडीची चाकं, दारं, पाळणे, पोळपाट, काय म्हणाल ते करायचे. पण नाव होतं ते बंदुकीच्या दस्त्यांसाठी. कुणाचा दस्ता पडून मोडला, कुणाचा वाळवीनं खाल्ला, की बंदूक झहीरमिस्त्रींकडं. नळीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. बंदुकीचा बार उडाल्याच्या आवाजाला ते इतके भीत की दिवाळीत कानात कापूस घालून बसत. पण दस्त्याच्या लाकडात जी नक्षी उमटते, तिच्यापायी हा माणूस खुळा झाला होता. त्या नक्षीला ते पाणी म्हणत. मोत्याला पाणी असतं, तलवारीला असतं, तसं लाकडालाही असतं, असं त्यांचं म्हणणं. दस्ता झाला की तो गिऱ्हाईकाच्या घरी जायचा, कोण पळसदरीला, कोण पार चौक गावाला. वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी तेवढे सगळे एका जागी भेटायचे. म्हणून ते दिवसभर दुकान बंद ठेवून कचेरीच्या आवारात तेल चोळत फिरत, फुकट. त्या दिवशी आमच्या आवाराला खरोखर लग्नघराची कळा येई. लोक रांग सोडून एकमेकांचे दस्ते बघत बसत आणि माझ्या नंबरांचा बट्ट्याबोळ होई.

हे लाकूड ते आणायचे कुठून, त्याचा शोध मला दुसऱ्या वर्षी लागला. जंगलखात्याच्या लिलावातून नव्हे, मोळीवाल्या बायकांकडून. कातकरवाडीतल्या बायका रोज सकाळी वाळक्या लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाजारात येत. सरळ लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात फाटतं. पण एखादं असं निघतं की त्याच्या आतल्या रेषा एकमेकींत गुरफटलेल्या असतात. त्यात कुऱ्हाड रुतून बसते, हाताला झिणझिण्या येतात, लाकूड काही फाटत नाही. बायका त्याला वांड लाकूड म्हणत आणि शिव्या देऊन रानातच टाकून येत. झहीरमिस्त्रींनी त्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ज्या लाकडानं तुमची कुऱ्हाड अडवली ते माझ्याकडं आणा. बदल्यात तेवढ्याच वजनाच्या सुक्या ढलप्या घेऊन जा. बायकांना वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण ढलप्या चुलीत भुरभुर पेटतात, मग आपलं काय जातंय? तेव्हा आणत.

त्या बायकांत भागी सगळ्यांत तोंडाळ. तिशीच्या आतबाहेरची, काटक, मिस्त्रींशी रोज भांडल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नसे. १९२३ च्या पावसाळ्यानंतर भिवपुरीकडच्या उतारावर ऐनाचं एक जुनाट झाड उन्मळून पडलं. त्याच्या बुंध्यावर घाव घालताना भागीच्या कुऱ्हाडीचं पातं मोडलं. ती आणि तिचा नवरा लडकू, दोघांनी तो ओंडका बांबूला बांधून दुकानात आणून आदळला, आणि ढलप्या नकोत, नवं पातं द्या म्हणून ती अडून बसली. मिस्त्रींनी ओंडक्याच्या एका कडेवर रंधा मारला, ओल्या फडक्यानं पुसलं आणि आत जाऊन स्वतःच्या घरातली कुऱ्हाडच आणून तिच्या हातात दिली. हमिदाबी, त्यांच्या बेगम, आठवडाभर नारळ कशानं फोडू म्हणून नवऱ्याच्या नावानं ओरडत होत्या.

त्या ओंडक्याची एक जाड फळी निघाली. ती मिस्त्रींनी खाटेखाली सावलीत वाळत घातली ती सहा वर्षं. किती गिऱ्हाइकं आली, किती जणांनी मागितली, पण त्यांच्या मते एकही बंदूक त्या फळीच्या योग्यतेची नव्हती. मी चेष्टा करायचो, की मिस्त्री, स्थळं नाकारता नाकारता मुलगी घोडनवरी व्हायची. ते म्हणत, होऊ दे, वाळलेली बरी.

शेवटी १९२९ च्या दिवाळीनंतर स्थळ आलं. खालापूरकडचे सहदेवराव म्हणजे देहानं आणि मनानं ऐसपैस माणूस. ते मचाणावरून खाली आले, रायफल त्यांच्याखाली आली. राव शाबूत, रायफलीच्या दस्त्याचे दोन तुकडे. एरवी त्यांनी मुंबईहून विलायती अक्रोडाचा दस्ता मागवला असता. पण गाडी बदलायला कर्जतला उतरले ते सहज दुकानात डोकावले आणि मिस्त्रींनी खाटेखालची फळी ओढून तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. राव तिथंच उकिडवे बसले. त्यांची गाडी गेली. होळीपर्यंत दस्ता तयार करून देण्याचा शब्द मिस्त्रींनी दिला.

आणि मग जानेवारीची तपासणी आली. त्या वर्षी चांगो नावाच्या एका पाटलानं नवीन परवाना काढला होता. बंदूक बाजारातली स्वस्तातली. तिच्या दस्त्यावर कुणीतरी कुंचल्यानं तपकिरी-काळे पट्टे ओढून शिसवीचा आव आणलेला, लांबूनसुद्धा सोंग कळत होतं. झहीरमिस्त्रींनी ती बंदूक हातात घेतली. तेल चोळलं, उन्हात धरली.

"काय पाणी हाय," ते म्हणाले. "ही कवा केली मी? आठवत नाय बघ."

आवारात पन्नास माणसं होती, पण कुणी हसलं नाही. चांगो पाटील भला माणूस. त्यानं खाली बघत सांगितलं की जुनी आहे, वडिलांनी करून घेतली होती. मिस्त्री खूश होऊन पुसत राहिले. पुसता पुसता रंग सुटला. फडकं चिकट झालं. त्यांनी अंगठा नाकाशी नेला, वास घेतला आणि बंदूक हळूच चांगोच्या हातात परत दिली. मग फडक्याची घडी केली, बाटलीला बूच लावलं आणि बाकीच्या लेकींना न भेटताच निघून गेले. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी कुणावरही खेकसलो नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते हे त्यांना दोन वर्षं ठाऊक होतं, पण ते मनाला पटवून घेत नव्हते. पोळपाट, चाकं हाताच्या सवयीनं होत होती. मुलगे दोघेही रेल्वेत लागले होते, हाताखाली कुणी नव्हतं. संध्याकाळी मी दुकानावर गेलो तर फळी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, सहदेवरावांना निरोप धाडा, अक्रोड मागवून घ्या म्हणावं. मी म्हटलं, हात तर चालतायत ना? तेव्हा त्यांनी मला दस्त्याचं शास्त्र सांगितलं. नळीमागं खांद्याला टेकवायचा रुंद भाग असतो, आणि नळी नि तो भाग यांच्यामध्ये एक बारीक मान असते. मूठ तिथं आवळायची. बाराचा सगळा धक्का त्या मानेतून जातो. म्हणून मानेतून लाकडाची रेष सरळ गेली पाहिजे आणि नक्षी सगळी मागच्या रुंद भागात उतरली पाहिजे. मानेत नक्षी शिरली तर दिसायला बहार, पण दुसऱ्या-तिसऱ्या बाराला मान मोडणार. दस्त्याच्या आकाराचा पुठ्ठ्याचा फर्मा असतो, तो फळीवर नेमका कुठं ठेवायचा एवढंच खरं काम. तेवढंच त्यांना आता दिसत नव्हतं. फळी एकच होती आणि करवत एकदा फिरली की फिरली.

"भाऊसाहेब, तुमी शिकलेली माणसं. तुमी बघून सांगा."

मी चष्मा पुसून बसलो. खूप वेळ बघितलं. मग सांगितलं की तपकिरी आहे, मधूनमधून जास्त तपकिरी आहे. मिस्त्रींनी मान डोलावली आणि मला चहा दिला. माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत इतका सभ्य अपमान कुणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कचेरीआधी दुकानावर गेलो. भागी ढलप्या न्यायला आली होती. फळी दारात उन्हाला होती, तिनं ती ओळखली आणि लगेच तोंड सोडलं. हीच ती अवदसा, माझं पातं खाल्लं, सहा वर्षं झाली अजून हिचं काही केलं नाही का? बोलता बोलता ती खाली बसली आणि बोटानं दाखवायला लागली, की इथून कुऱ्हाड घातली असती तर वीतभर सरळ गेली असती, पण लडकू म्हणाला तिकडून घाल, आणि तिकडं ती अडली.

मिस्त्री ताडकन उठले.

"कुठून सरळ गेली असती?"

"हितून. ह्या गाठीपासनं ह्या कडंला."

"आन् अडली कुठं?"

"ह्ये सगळं आडतं," असं म्हणत तिनं रुंद भागावर तळवा फिरवला. "हिथं सारं गुरफटलंय. हिथं तुमच्या बापाची कुऱ्हाड बी चालनार नाय."

मिस्त्रींनी तिच्या हातात कोळसा दिला. कुऱ्हाड जिथून जाईल तिथून रेघ ओढ म्हणाले. भागीला वाटलं, आता पुरताच गेला. पण तिनं ओढली, न अडखळता, न विचार करता, जशी ती रोज डोळ्यांनी लाकडावर ओढत असणार. मिस्त्रींनी फर्मा त्या रेघेवर ठेवला. मान बरोबर सरळ रेषेवर आली आणि मागचा भाग भागीच्या शिव्या खाल्लेल्या जागेवर. मी जास्त तपकिरी म्हणालो होतो ती जागा हीच.

त्यानंतर दीड महिना भागी मोळी विकून झाली की दुकानात येऊन बसे. ऐनाची रेष आत शिरता शिरता वळते, म्हणून दर थराला नवी रेघ लागे. ती कोळशानं रेघा ओढी, मिस्त्री पटाशी चालवत, आणि दोघांचं भांडण अखंड चालू. ती म्हणे, एवढ्या वेळात माझ्या चार मोळ्या झाल्या असत्या. हे म्हणत, तुला वेळ कुणी धरून ठेवलाय, जा की. ती जात नसे. हमिदाबी दोघांनाही भाकरी वाढत आणि माझ्याकडं बघून कपाळावर हात मारत. कचेरी सुटली की मीही तिथंच जाऊ लागलो. बदलीचा अर्ज त्या वर्षी करायचा राहून गेला, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

कानस झाली, काचकागद झाला. मिस्त्री आता दस्त्याकडं बघतसुद्धा नव्हते, अंगठ्यानंच सगळं कळत होतं. होळीला आठ दिवस उरले असताना तेलाचा पहिला हात द्यायचा दिवस आला. वाळलेलं लाकूड कितीही घासलं तरी फिकट दिसतं, तेल लागलं की नक्षी एकदम वर येते. मिस्त्री चाळीस वर्षं दर दस्त्याला याच क्षणासाठी राबले होते. त्यांनी फडकं तेलात बुडवलं, मागच्या भागावरून एकदा फिरवलं आणि दस्ता दाराच्या उजेडात धरला. मग खाली केला.

"उजेड दिसतो," ते म्हणाले. "बाकी नाय दिसत. भागी, सांग गं काय हाय?"

तिनं दस्ता हातात घेतला. जरा तिरका केला, परत सरळ केला. उठून दारात गेली, परत आली.

"मिस्त्री, ह्ये हलतंय," ती म्हणाली.

"हां."

"नदीवर वारा आला का पानी आडवं थरारतं ना, तसं. वाकडं धरलं का लाटा पुढं पळतात. परत सरळ धरलं का मागं येतात. आन् मधी काळं हाय, चुलीवर तवा तापला का त्याच्या बुडाला कसं काळं-लाल होतं, तसं. पर त्ये बी हलतंय." जरा थांबून ती म्हणाली, "माज्या कुऱ्हाडीचा घाव बी हाय हिथं. बारीक. त्याच्या भवती लाटा फिरल्यात."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि देवाशप्पथ सांगतो, मलाही दिसलं. सात वर्षं त्या आवारात मी एवढ्या बंदुका हाताळल्या होत्या, पण दस्त्याकडं बघितलं ते त्या दिवशी. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. म्हणाले, मी जिंदगीभर बघितलं, पण मला असं सांगता आलं नाही कधी.

सहदेवराव रायफल न्यायला आले तेव्हा मानेची परीक्षा नदीकाठच्या दरडीवर झाली. मिस्त्री दूर एका झाडामागं कानात कापूस घालून, वरून तळवे दाबून उभे. रावांनी लागोपाठ पाच बार काढले. मानेला केसाएवढी चीर नाही. राव तिथून ओरडून सांगत होते आणि मिस्त्रींना ऐकू जात नव्हतं. शेवटी भागी गेली आणि तिनं त्यांचा हात धरून दस्त्याच्या मानेवर ठेवला.

त्या दस्त्यानंतर झहीरमिस्त्रींनी करवत ठेवून दिली. दुकान चालू राहिलं, पण पोळपाट-लाटण्यांपुरतं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तसं काही झालं नाही, उलट भलतंच झालं.

मी गौराबाईंच्या खाणावळीत जेवत असे. पावसाळा संपून मोळ्यांचा बाजार पुन्हा भरू लागला तशी गौराबाईंची कटकट सुरू झाली. ती भागी हल्ली लाकूडच देत नाही, निम्मी मोळी बाजूला काढून बसते, मागितलं तर अंगावर येते. एका सकाळी मी त्यांच्याबरोबरच बाजारात गेलो. खरंच, भागीच्या पुढ्यात दोन ढीग होते. एक विकायचा. दुसऱ्यावर ती चक्क बसली होती. गौराबाईंनी तिच्याखालच्या एका जाड ढलपीला हात घातला तशी तिनं त्यांचा हात झटकला. शेजारीच झहीरमिस्त्री पथारी टाकून बसले होते. दुकान सोडून हल्ली सकाळचे ते तिथंच बसत.

"ह्या म्हाताऱ्यानं माझं वाटोळं केलं," भागी गौराबाईंना सांगू लागली. "आदी लाकूड म्हंजे लाकूड होतं. फोडायचं, इकायचं, जाळायचं. आता चुलीत घालाया गेले का हात थांबतो. काल घरात भाकर कच्ची र्‍हायली. लडकू इचारतो, सरपन असून जाळत का नाय? काय सांगू त्याला?"

मिस्त्री पोट धरून हसले. मग त्यांनी हात पुढं केला. भागीनं खालची ती ढलपी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवला, नाकाशी धरली.

"बिबळ्याचं लाकूड," ते म्हणाले. "काय दिसलं हिच्यात?"

भागीनं ढलपी उन्हाकडं तिरकी केली आणि सांगायला सुरुवात केली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उघडे असले तरी फरक पडत नव्हता, पण त्यांनी मिटले. मधेच तिला थांबवून ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, मी म्हंत होतो, माज्यामागं ह्ये कोन बघनार. आता गेले डोळे तरी जाऊ द्या."

भागी म्हणाली, मधी बोलू नका, विसरते. आणि ती परत पहिल्यापासून सांगू लागली. गिऱ्हाइकं खोळंबली, गौराबाई पदर खोचून उभ्या राहिल्या, मग त्याही जरा वाकून बघायला लागल्या. त्या दिवशी खाणावळीत जेवायला दोन वाजले.